हे चित्र कोणाचे?

(भोर व वेल्हे भागांतील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



फेब्रुवारीची १९ तारीख जवळ आली की शाळांच्या व्हरांड्यांत सुतळ्या बांधल्या जातात आणि त्यांवर मुलांनी काढलेली शिवछत्रपतींची चित्रे टांगली जातात. शाळा भोर गावातील असो, हिरडस मावळातील एखाद्या वाडीवरची द्विशिक्षकी असो, की तोरण्याच्या पायथ्याशी कानद खोऱ्यातील असो. हा सोहळा सर्वत्र होतो आणि तो व्हावाच. परंतु त्या सुतळीपाशी थोडा वेळ उभे राहून पाहिले, तर पुष्कळशी चित्रे एकाच चित्राच्या प्रती असल्याचे ध्यानी येते. पाठ्यपुस्तकातील चित्रावर तेल लावलेला कागद ठेवावयाचा, पेन्सिलीने गिरवावयाचे आणि रंग भरावयाचे, एवढाच त्यांचा इतिहास असतो. राहिलेल्या चार-दोन चित्रांत घोड्याला बैलाचे पाय लागलेले असतात, महाराजांचे डोळे कपाळाला भिडलेले असतात, एखाद्या चित्रात मावळ्यांच्या डोक्यांवर पावसाची इरली असतात. बक्षीस बहुधा गिरवलेल्या चित्राला मिळते. इरली काढणाऱ्या मुलाला "असे कुठे असते का?" हे शब्द ऐकावे लागतात, पुढील वर्षी तोही तेलाचा कागद घेऊन येतो, आणि पाचवीत जाईपर्यंत "मला चित्र येत नाही" असे स्वतःच सांगू लागतो.

हे वाक्य कोणतेही मूल पहिलीत बोलत नाही. पहिलीतील मुलाच्या हाती खडू द्यावा, ते फरशीवर वाघ काढते, एसटी काढते, आजीही काढते. मधल्या चार वर्षांत काय घडते, याचा विचार शिक्षकाने करावयास हवा.

आपल्या भाषेत एक सोयीचा प्रश्न आहे. "हे चित्र कोणाचे?" असे विचारले असता त्याची दोन उत्तरे संभवतात. एक उत्तर, "शिवाजी महाराजांचे." दुसरे उत्तर, "तिसरीतल्या शेवंताचे." गिरवलेल्या चित्राला पहिले उत्तर मिळते, दुसरे मिळत नाही, ते शेवंताचे नसते, छापखान्याचे असते. नुसत्या रेघोट्यांना कदाचित दुसरे उत्तर मिळेल, पण पहिले मिळणार नाही. ज्या चित्राला दोन्ही उत्तरे मिळतात, ते वर्गातील चांगले चित्र. ओळखीचे पात्र ओळखू यावे आणि काढणाऱ्याचा हातही ओळखू यावा, या दोन गोष्टींत विरोध आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तसा विरोध नाही, याची साक्ष गावच्या वेशीवरच उभी आहे.

गावोगावचा मारुती पाहावा. एका गावचा उभट, दुसऱ्या गावचा बुटका. एकाचे डोळे चांदीचे, दुसऱ्याचे केवळ रंगवलेले. कोठे तर शेंदराच्या थरांखाली मूळ दगडाचा आकारही उरलेला नसतो. तरी परगावच्या माणसाला हा देव कोणता, असे विचारावे लागत नाही. शेंदूर, शेपटी, गदा, एखाद्या ठिकाणी नुसता उगारलेला हात, यांपैकी एकदोन खुणा पुरेशा होतात. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेले अकरा मारुती सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत आहेत. त्यांतील शहापूरचा चुन्याचा आहे. चाफळला तर एकाच गावी दोन आहेत, एक हात जोडलेला दास मारुती आणि दुसरा प्रताप मारुती. एकाच महापुरुषाने स्थापिलेल्या मूर्तीही एका साच्यातून निघालेल्या नाहीत. विठोबाचे उदाहरण याहून सोपे आहे. विटेवर सम पाय आणि कमरेवर हात एवढे कोळशाने भिंतीवर काढले, तर चेहरा कोरा ठेवूनही वारकऱ्याच्या घरातील मूल हात जोडते.

खूण किती थोडी असली तरी चालते, याचे आधुनिक उदाहरण शाळेच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर सापडेल. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हात केवळ एक चष्मा आहे. ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी तयार केले. नाक नाही, कान नाहीत, काठीसुद्धा नाही. तरीही तो चष्मा महात्माजींचा आहे, हे पहिलीतील मूल सांगते. याच महात्माजींचे १९३० मधील दांडीयात्रेच्या प्रसंगाचे चित्र नंदलाल बोस यांनी कोरून छापले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, हाती काठी आणि पुढे टाकलेले पाऊल. ते चित्र पाहताना गांधीजी दिसतात आणि नंदबाबूंचा हातही दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत कोट, चष्मा, हातातील ग्रंथ व उंचावलेले बोट या खुणा झाल्या आहेत. १९६७ साली संसद भवनाच्या आवारात उभारलेला शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांचा पुतळा आणि एखाद्या वस्तीच्या कोपऱ्यावरचा गावच्या कारागिराने घडवलेला अर्धपुतळा यांत कौशल्याचे अंतर मोठे असेल. ओळखीत अंतर नाही.

आता शिवछत्रपतींकडे वळू. सतराव्या शतकातील दख्खनी लघुचित्रकारांनी काढलेली महाराजांची चित्रे आज ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये व पॅरिसच्या संग्रहांत जतन केलेली आहेत. ती वेगवेगळ्या हातांची आहेत. एकातील चेहरा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. परंतु धारदार नाक, दाढी, पागोटे व त्यावरील तुरा यांवरून व्यक्ती एकच असल्याचे कळते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे आणले. तोपर्यंत दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचारात होते. खुणासुद्धा पारखून घ्याव्या लागतात, एवढा बोध शिक्षकाने यातून घ्यावा. पुढे अनेक चित्रकारांनी महाराज रंगवले, आणि आज परिचित असलेला उंच जिरेटोप मुख्यतः अशा उत्तरकालीन चित्रांतून घरोघर पोहोचला. कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांचे चित्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. समारंभात हार घालण्यासाठी अधिकृत प्रतिमाच असावी, यात शंका नाही. पण तिसरी-चौथीच्या मुलाने तीच प्रतिमा कागदावर उतरवून काढावी, असे त्यावरून मुळीच निष्पन्न होत नाही. कांबळे यांनी स्वतः कोणाचे चित्र गिरवले असते, तर ते चित्र जन्मालाच आले नसते.

एकच चेहरा खरा आणि बाकीचे चुकीचे, ही समजूत फार जुनी नाही. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळच्या मळवलीस आला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतील भिंतींवर गेल्या. गरिबाच्या घरी देवाचे चित्र आले, हा त्या छापखान्याचा मोठाच उपकार आहे. मात्र हजारो घरांत एकच लक्ष्मी लागल्यावर लक्ष्मी अशीच दिसते, असे मुलांना वाटू लागले. रविवर्म्यांनी आपल्या मनातील देवीला लुगडे नेसवले, ते त्यांचे स्वतःचे होते; ज्यांनी ते नुसते गिरवले, त्यांचे मात्र ते नव्हे. गेल्या शतकाच्या मध्यास रघुवीर मुळगावकर व दीनानाथ दलाल या दोन चित्रकारांनी दिवाळी अंकांतून आणि दिनदर्शिकांतून मराठी घरे सजवली. जुन्या शिक्षकांना त्यांची चित्रे आठवत असतील. मुळगावकरांचा कृष्ण तुकतुकीत, दुधात न्हाल्यासारखा; दलालांच्या चित्रात रेषेचा डौल अधिक. खाली सही नसली तरी रसिक माणूस चित्र कोणाचे, हे सांगत असे.

येथे खूण आणि शैली यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व अध्यापन त्यावर अवलंबून आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी या गावी ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. चित्रकथीच्या पोथीतील राम, सीता, रावण, वानर या साऱ्यांचे डोळे त्याच एका मोठ्या टपोऱ्या घडणीचे असतात, रेषाही एकाच हाताची. पण राम कोणता आणि रावण कोणता, याविषयी श्रोत्यांचा घोटाळा होत नाही. हात बदलला तरी जी राहते ती पात्राची खूण. पात्र बदलले तरी जी राहते ती काढणाऱ्याची शैली. पहिली शिकवता येते. दुसरी शिकवता येत नाही; शिक्षकाने ती फक्त ओळखावयाची असते आणि तिच्या वाटेत उभे राहावयाचे नसते.

वर्गात हे कसे करावे? "आमचा हात चित्राचा नाही" असे म्हणणाऱ्या शिक्षकालाही जमेल अशी रीत पुढे दिली आहे. चाळीस मिनिटांचे दोन तास पुरतात. जोडवर्गात तर ती अधिक चांगली चालते, कारण लहान मुले ओळखावयास आणि मोठी काढावयास बसवता येतात.

प्रथम फळ्यावर नुसता एक लांबट गोल काढावा आणि "हे कोण?" असे विचारावे. मुले हसतील. त्या गोलाला दाढी जोडावी. उत्तरे अनेक येतील. मग कल्ले, मग धारदार नाक, मग जिरेटोप. कोणत्या रेषेला सर्व वर्ग एकदम "महाराज!" म्हणतो, ते पाहावे व त्या रेषेवर खूण करावी. मग उलट जावे. मोत्यांची माळ पुसली, ओळखू येतात का? तलवार पुसली, तरी येतात का? जिरेटोप पुसल्यावर? हाच खेळ सोंडेवरून गणपतीचा, विटेवरून विठोबाचा, चष्म्यावरून गांधीजींचा करावा. शिक्षकाचे चित्र जितके साधे, तितका हा खेळ रंगतो. पाच-सहा पात्रे झाली, की फळ्याच्या एका बाजूस प्रत्येकाच्या खुणांची यादी मुलांकडूनच लिहून घ्यावी. त्यात मराठीचा लेखनाचा तासही साधतो.

नंतर छापील चित्र सर्वांना शांतपणे पाहू द्यावे आणि मग ते भिंतीकडे तोंड करून ठेवावे. हे महत्त्वाचे आहे. चित्र समोर राहिले तर मूल चित्राचे चित्र काढते. ते दूर झाले तर मूल आपल्या मनातील महाराजांचे चित्र काढू लागते. मनात काय असते? राजगड आणि तोरणा ज्या मुलांना शाळेच्या दारातून दिसतात, त्यांच्या मनात डोंगर असतो, आषाढातले धुके असते, भाताची लावणी असते, खांद्यावर घोंगडी असते. शहरातील मुलाला हे पुस्तकातून मिळवावे लागेल. रायगडापूर्वी जेथे स्वराज्याची राजधानी होती, त्या गडाच्या छायेत राहणाऱ्या मुलाने मात्र ते सोडून छापील चित्रातले झुंबर का गिरवावे? मावळ्याच्या डोक्यावर इरले काढणाऱ्या मुलाला हसण्याऐवजी त्याचे चित्र सर्वांसमोर धरावे. मावळात पाऊस कसा पडतो, हे त्याने पाहिले आहे आणि लक्षात ठेवले आहे.

शैलीच्या नावाखाली आळस खपवू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. घोड्याचा गुडघा उलटा वाकला, तर ती शैली नव्हे. पाहणे राहून गेले. अशा वेळी शिक्षकाने स्वतः पाय दुरुस्त करून देऊ नये. मुलाला गोठ्याकडे पाठवावे. बैल बसताना पुढचा पाय कसा दुमडतो, मागचा कसा, हे पाहून आलेले मूल दुसऱ्यांदा जे काढते, ते अचूक नसेल, पण त्याने पाहिलेले असेल. पाहून काढणे आणि गिरवणे यांतही भेद करावा. समोर ठेवून, डोळ्यांनी मापून केलेली नक्कल हा शिकण्याचा एक टप्पा आहे, आणि मोठमोठ्या चित्रकारांनी तो ओलांडला आहे. तेलाच्या कागदावर गिरवण्यात मात्र डोळ्याला काम उरत नाही. तो कागद नकाशासाठी ठेवावा. तेथे तो योग्यच आहे.

रंगांसाठी पेटीची वाट पाहण्याचे कारण नाही. गेरू, चुना, कोळसा, हळद यांवर पुष्कळ काम होते. मारुतीसाठी देवळातील शेंदूर मात्र मुलांच्या हाती देऊ नये. परंपरेने वापरल्या जाणाऱ्या शेंदरात शिसे असते आणि ते बोटांवरून पोटात जाणे घातक आहे.

चित्रे पुरी झाली की नावे कागदाच्या मागच्या बाजूस लिहून ती टांगावीत आणि दुसऱ्या वर्गातील मुलांना बोलावून तो एकच प्रश्न विचारावा: "हे चित्र कोणाचे?" पात्र ओळखले गेले नाही, तर कोणती खूण राहिली, हे मुलेच सांगतील आणि चित्रकाराला ते शिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा लवकर पटेल. पात्र ओळखल्यावर पुढे विचारावे, की हे काढले कोणी? वर्षाच्या आरंभी याचे उत्तर येणार नाही. दिवाळीनंतर येऊ लागेल. "एवढे मोठे डोळे शेवंताच काढते", "कागदाच्या कडेपर्यंत भरले म्हणजे गणपतचे" अशी उत्तरे आली, की मुलांचे हात वेगळे झाले असे समजावे. गुण द्यावयाचे असतील तर या दोन प्रश्नांवर द्यावेत. नीटनेटकेपणाला एखादा गुण असावा, अधिक नको.

या रीतीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देवाचे वा महाराजांचे चित्र वेडेवाकडे निघाले तर तो अनादर नव्हे काय, असे काही पालक व काही शिक्षकही विचारतात. श्रद्धेची गोष्ट आहे; तेथे वाद घालून उपयोग नाही. पण ज्या गावाने शेंदूर लावलेल्या ओबडधोबड दगडाला पिढ्यान्‌पिढ्या नमस्कार केला, त्या गावाला मुलाच्या हातचा मारुती समजावून सांगणे कठीण जाऊ नये. अकुशलता आणि टवाळी या वेगळ्या गोष्टी आहेत. आठ वर्षांच्या मुलाने मन लावून काढलेले वाकडे नाक हा अनादर नव्हे. कोणी टवाळी म्हणून काही काढले, तर ते जाणत्या मुलाचे काम असते आणि त्याच्याशी त्या रीतीने बोलावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा भेद आधीच सांगून ठेवावा, म्हणजे ऐन उत्सवाच्या दिवशी कुरबूर होत नाही. शिक्षकानेही काही पथ्ये पाळावीत. पूज्य व्यक्तींची चित्रे पायदळी येतील अशा जागी टाकू नयेत, रद्दीत घालू नयेत. आणि ज्या धर्मात प्रेषिताचे चित्र काढणे निषिद्ध मानतात, त्या धर्माच्या सणाला मुलांना मशीद, चंद्रकोर, शिरखुर्म्याची वाटी असे विषय द्यावेत.

दूरचित्रवाणीवरील पात्रांविषयीही शिक्षक विचारतात. २००८ पासून छोटा भीम मुलांच्या वह्यांत आला आहे; त्याच्या जोडीला इतरही आले. ती चित्रे काढू नयेत, असा दंडक घालण्यात अर्थ नाही. खुणांचा खेळ त्यांच्यावरही उत्तम चालतो. लाडू आणि केशरी धोतर एवढ्यावर भीम ओळखला जातो. तोच भीम भाटघरच्या धरणाकाठी किंवा शाळेच्या पोषण आहाराच्या पंगतीत बसवून काढावयास सांगावे. छापील चित्रात तसा तो कोठेच नसल्यामुळे गिरवता येत नाही आणि मुलाला स्वतःच्या हातावर यावे लागते. एरवी गप्प बसणारी मुले या विषयाला पुढे येतात, असे अनेक शिक्षक सांगतात.

राहिला प्रश्न चित्रे जपून ठेवण्याचा. मावळच्या पावसात भिंतीवरचा कागद आषाढापर्यंत टिकत नाही, बुरशी धरतो. शिवजयंतीनंतर चित्रे उतरवून प्रत्येक मुलाच्या नावाच्या स्वतंत्र वेष्टनात, पत्र्याच्या पेटीत ठेवावीत, मागे तारीख व इयत्ता लिहावी. मूल पुढच्या इयत्तेत गेले की वेष्टन त्याच्याबरोबर पुढील वर्गशिक्षकाकडे सोपवावे. चौथीच्या मुलीला तिचेच पहिलीतले महाराज दाखवले, तर ती आधी हसते आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसते. पालकसभेच्या दिवशी हीच वेष्टने आईबापांच्या हाती द्यावीत. ज्या घरात वाचता येणारे कोणी नाही, त्या घरालाही मुलाची चार वर्षे त्यात पाहता येतात.